आळशी पाणी

फोन उचलल्यावर चाचा कधी "हॅलो" म्हणत नसत. "बोला, काय पडलं?" म्हणत.

त्यांचा हिशेब सरळ होता. ज्याला काही बांधायचं असतं तो घरी येतो, बसतो, चहा पितो. फोन करतो तो ज्याच्याकडचं काही तरी पडलंय तोच. एकदा आमच्या नाताळाच्या फराळाला बोलवायला मी त्यांना फोन केला, तर नेहमीप्रमाणे "काय पडलं?"

"काही पडलं नाही चाचा, करंज्या झाल्यात. या."

चाचा म्हणाले, "मग बरं हाय. येतो. पन एकदा माळ्यावर बघून घ्या."

श्रीरामपुरात स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला आमचं घर आहे, ते चाचांनी बांधलं. मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि आमचे हे त्याच शाळेत मराठी शिकवत. घराचा नकाशा ह्यांनी मोठ्या हौसेने काढला होता. चाचांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला नाही. स्वयंपाकघराची वेळ आली तेव्हा त्यांनी विटांवर एक फळी ठेवली, घरून पोळपाट-लाटणं आणि कणकेचा गोळा घेऊन आले आणि मला म्हणाले, "बाई, लाटा."

उघड्या आभाळाखाली, भिंती निम्म्या उभ्या, गवंडी बघतायत, आणि मी पोळी लाटतेय. चाचा कधी एक वीट काढत, कधी एक घालत. "खांदा वर येतोय. आता? आता कंबर वाकतीय." ह्यांनी मध्येच सुचवलं की ओट्याची एक ठरलेली उंची असते, पुस्तकात दिलेली आहे. चाचा वळूनही न बघता म्हणाले, "सर, तुमी जेवनार, त्या लाटनार." त्या ओट्यावर मी इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, पण ओट्यामुळे कधी कंबर धरली नाही.

पण खिडकी मात्र लागेना. पहिल्याच आठवड्यात फोन केला. आले, तावदान ढकलून पाहिलं, म्हणाले, "खिडकी बरोबर हाय. लाकूड रुसलंय." आणि निघून गेले. मी चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठायच्या आत सुतार हजर, चाचा अंगणात उभे, जुनी खिडकी काढलेली आणि नवी बसत होती. चूक कबूल करायचा प्रश्नच नव्हता. भिंत वाकडी दिसली तर "भिंत सरळच हाय, जमीन वाकडी हाय." छत गळलं तर "पाऊस तिरपा आला." आणि लगेच दुसऱ्या दिवशी भिंत पाडून नवी, छत खरवडून नवं. सगळं आपणहून, न बोलता. आमचे हे म्हणायचे, "ह्या माणसाच्या वाक्यात कर्ताच सापडत नाही. सगळं आपोआप होतं. भिंत वाकते, खिडकी रुसते, चाचांनी काही केलंय असं एकही वाक्य नाही."

दुसरं म्हणजे पाणसळ. ती लाकडी पट्टी, मधल्या काचेत हिरवं पाणी आणि पाण्यात हलणारा बुडबुडा. ती त्यांच्या हातात नाही तर काखेत असायचीच. कुणाच्या घरी जेवायला बसले की आधी टेबलावर पाणसळ. बुडबुडा मधोमध आला तर घास. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे भाषण करत होते, आणि पहिल्या रांगेतले चाचा उठून थेट स्टेजवर गेले. पाहुण्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर त्यांनी पाणसळ ठेवली, मान हलवली, खाली वाकून टेबलाच्या पायाखाली निमंत्रणपत्रिकेची घडी सारली, पुन्हा पाणसळ ठेवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "आता बोला." पाहुण्यांना काय बोलत होतो ते आठवेना. सगळ्या मुली खूश.

तर अशा माणसाला आम्ही पोहण्याचा तलाव बांधायला दिला.

त्यामागची गोष्ट तेवढी हसण्यासारखी नाही. आमच्याकडे उसाला पाणी देणारे कालवे सगळीकडे. मुली धुणं घेऊन जातात, गुरं घेऊन जातात, आणि पोहता येणारी मुलगी शोधून सापडत नाही. माझ्या खो-खोच्या संघातली एक मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत कालव्यात गेली. काठावर शेवाळ होतं, पाय सरकला. पाणी फार खोलही नव्हतं. तिच्या वर्गातल्या मुली पुढे मोठ्या झाल्या, कुणी नर्स झाली, कुणी परदेशात गेली, आणि एक दिवस त्या सगळ्या मिळून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, शाळेच्या मागच्या पडीक जागेत तलाव करू. पैसे आमचे. शिकवायचं तुम्ही." मी तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते आणि ह्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होते. मी लगेच हो म्हटलं.

दिवसा शाळेच्या मुली आणि सकाळी गावातल्या बायका, असं ठरलं. पहिल्या बैठकीला चाचा आले तेव्हा बायकांना म्हणाले, "काय पाहिजे ते नंतर. काय नको ते आधी सांगा."

सगळ्या एकदम बोलल्या, "पुरुष नकोत."

"पंप चालवायला मानूस लागतोच की."

"तोसुद्धा आत नको."

"आनि मी?"

"चाचा, एकदा पाणी भरलं की तुम्हीपण नको."

चाचांना हे पटलं. उंच भिंत घातली आणि पंपाची खोली भिंतीबाहेर, रस्त्याच्या बाजूला नेली, म्हणजे पंपवाल्याला आत यायचं कारणच नको. तलाव आणि पंप यांच्यामध्ये कपडे बदलायची खोली आली. त्या खोलीवर तर त्यांचा फार जीव. पांढऱ्या फरशीत निळे मासे, एकेक मासा स्वतः गुडघ्यावर बसून जुळवलेला. तलावाला मात्र ते शेवटपर्यंत टाकीच म्हणत. "टाकी लई भारी झालीय, बाई."

मार्च सरता सरता पाणी भरलं. पंप सुरू केला. पंपाने तलावातलं पाणी ओढायचं, वाळूच्या फिल्टरमधून गाळायचं आणि समोरच्या भिंतीतल्या तोंडांतून जोरात परत सोडायचं, एवढंच त्याचं काम. तोंडाजवळ हात धरला की ढकलल्यासारखा लागायला हवा. मी हात धरला, तर म्हाताऱ्याने फुंकर घालावी तसं काही तरी लागलं. बरोबर बुडबुडे. लिंबाची पानं जिथे पडली तिथेच बसून राहिली. आठवड्याभरात पाणी गढूळ झालं, मग हिरवट.

मी फोन केला.

"बोला, काय पडलं?"

"पाणी फिरत नाहीये, चाचा."

आले. भिंतीबाहेर पंपापाशी गेले, पंपावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. "पंप बरोबर हाय. पाईप बरोबर हाय. पानी आळशी हाय."

"पाणी आळशी कसं असेल?"

"कालव्याचं हाय ना. नुसतं उताराची सवय. ढकलाय लागतंय त्याला."

दुसऱ्या दिवशी फिल्टरमधली सगळी वाळू काढून नवी भरली. फरक नाही. त्यानंतर मोटार बदलली. तरीही नाही. मग एका सकाळी रस्त्यावर टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून आधीच्या दुप्पट मोठा पंप उतरला. सुरू केला तर शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर बाहेर येऊन बघून गेले, इतका आवाज. आणि तोंडांतून बुडबुडे मात्र आधीपेक्षा जास्त. चाचा म्हणाले, "बघा, काय उकळतंय!" मी म्हटलं, "चाचा, ही हवा आहे. पाणी कुठाय?"

यावर त्यांनी पाण्याकडे रागाने पाहिलं.

इकडे माझ्या बायका गळायला लागल्या. निम्म्या जणींना घरून परवानगीच मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. एकीची सासू येऊन भिंतीच्या दारातून डोकावली आणि म्हणाली, "हिरव्या पाण्यात आमच्याकडं म्हशी उतरतात." ती सून दुसऱ्या दिवसापासून आली नाही. शाळेची सुट्टी तोंडावर होती. ह्या उन्हाळ्यात सुरू झालं नसतं तर पुन्हा ह्या बायका जमल्याच नसत्या, हे मला दिसत होतं.

शेवटी फोन सोडून मी त्यांच्या घरीच गेले. चाचा बाहेर होते, चाची एकट्याच. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. निदान मला तसं वाटत होतं. मी रागाने सगळं सांगितलं. त्या पेरू कापत शांतपणे ऐकत होत्या.

"घरात पन असंच हाय, बाई. शुक्रवारी भात हेच करतात. करपला की म्हनतात तांदूळ म्हातारा हुता. मग गपचूप दुसरा शिजवतात. आमी दोन वाजता जेवतो."

मी हसले. मग पेरूची फोड माझ्या हातात देत त्यांनी हळूच विचारलं, "त्या टाकीत आमच्या वयाच्या बायकांना चालतंय का?"

त्यांचं माहेर कोपरगावचं, नदीकाठी. सगळे भाऊ गोदावरीत पोहायचे. चाची काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायच्या. "लग्न होईपर्यंत कपडेच सांभाळले," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगू नका. आधी पानी तरी साफ होऊ द्या."

मी त्यांना शब्द दिला, आणि घरी येताना चाचांवरचा माझा राग दुप्पट झाला होता. आता हे पाणी फिरलंच पाहिजे होतं.

मग मी पंपाच्या कंपनीकडून नगरहून एका माणसाला बोलावून घेतलं. चाचांनाही बोलावलं. बायकांपैकी ज्या अजून टिकून होत्या त्याही येऊन बाकांवर बसल्या. त्या माणसाने दोन्ही पंप पाहिले, म्हणाला दोन्ही ठीक आहेत. मग विचारलं, "तलावातून पंपाकडे येणारा पाईप कसा नेलाय?"

चाचा म्हणाले, "सरळ. मधी खोलीच्या पायाचा बीम येतो, तिथं जरासा वरून घेतलाय. बीम फोडनार हाय का कोन?"

"म्हणजे पाईप बीमवर चढतो आणि पुन्हा खाली उतरतो?"

"एवढासा."

"चाचा, त्या चढावरच हवा अडकून बसते. पाण्याला जायला जागा राहत नाही. आणि मोठा पंप लावला तर तो आणखी हवा ओढतो."

"हवा अडकून बसायला ती काय मांजर हाय?" चाचा भडकले. "पान्याला चढ चढता येत न्हाई व्हय? वर टाक्यांवर काय हातानं नेतो आमी? थांबा. दाखवतो."

ते रस्त्यावर गेले आणि स्कूटरच्या डिकीतून त्यांची लेव्हलची नळी घेऊन आले. गवंडी लोक दोन भिंतींची उंची मिळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती. एक बादली पाण्याने भरून पायरीवर ठेवली, दुसरी रिकामी खाली. मध्ये बाक. नळी बादलीतून उचलून बाकाच्या पाठीवरून नेली आणि पलीकडे खाली सोडली. "हा बीम," बाकाच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले. "आनि आता बघा." नळीचं खालचं टोक तोंडात धरून त्यांनी जोरात ओढलं आणि बादलीत सोडलं.

पाणी आलं. पण करंगळीएवढं सुद्धा नाही. आणि बाकाच्या पाठीवर, नळीच्या बरोबर माथ्यावर, एक लांबोडा बुडबुडा आरामात बसला होता. त्याच्या खालून पाणी कसंबसं अंग चोरून जात होतं.

चाचांनी नळी हलवली. बुडबुडा थरथरला आणि पुन्हा तिथेच येऊन बसला. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. आणखी थोडी हवा वर जाऊन त्याला मिळाली. बुडबुडा लांब झाला, धार आणखी बारीक.

आमचं घर बांधताना चाचा ही नळी लावायच्या आधी दर वेळी तिला बोटाने टिचक्या मारत. मी तेव्हा कारण विचारलं होतं. म्हणाले होते, "नळीत हवा राहिली की लेव्हल खोटी येते, बाई. हवा फार लबाड." आणि आता तेच चाचा, मिशा ओल्या, त्या बुडबुड्याकडे टक लावून उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील बाक वाकडा आहे.

नगरच्या माणसाला चाचांचा स्वभाव ठाऊक नव्हता. त्याने साधेपणाने विचारलं, "पाईप टाकला कोणी?"

"मी," चाचा म्हणाले.

मग नळी गुंडाळत, "मी टाकला. बीमला हात लावायचा न्हवता म्हनून वरून घेतला. खालून घ्यायला पाहिजे हुता. चुकलं माझं."

आमचे हे त्या वेळी तिथे नव्हते याचं मला फार वाईट वाटलं. मी घरी जाऊन सांगितलं तर विश्वास ठेवायला तयार होईनात. "कर्ता? चाचांच्या वाक्यात?" म्हणून तीनदा विचारलं. पण तिथे, त्या बाकापाशी, मला हसू आलं नव्हतं. चाचा एकदम लहान दिसले होते. मी चहा मागवला. त्यांनी तो उभ्यानेच प्यायला, आणि त्या नगरच्या माणसाला स्कूटरवर बसवून स्वतः स्टँडवर सोडून आले.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीतली फरशी फोडायची होती. मजूर हातोडा घेऊन उभे, पण चाचांनी कुणाला हात लावू दिला नाही. "मासे माझे हायेत," म्हणाले. पहिला घाव घालायच्या आधी बराच वेळ नुसते उभे राहिले. मग मारला. निळे तुकडे भिंतीपर्यंत उडाले. त्यानंतर थांबले नाहीत. बीमच्या खालून खणून घेतलं, जाड पाईप जमिनीच्या पोटातून सरळ टाकला, आणि पंप खड्डा करून खाली बसवला, म्हणजे पाणी आपल्या वजनानेच त्याच्याकडे जाईल. पाईपवर दर हातभर अंतरावर पाणसळ. बुडबुडा जरा इकडेतिकडे दिसला की पुन्हा काढ, पुन्हा बसव.

तलाव घासून धुतला, नवं पाणी भरलं. पंप सुरू झाला तो आधीचा लहानच, आणि आवाजही फारसा नाही. मी पाण्यात हात घातला. तोंडातून आलेल्या पाण्याने हात बाजूला फेकला. आम्ही सगळ्या काठावर वाकून बघत होतो. पलीकडच्या कोपऱ्यात एक लिंबाचं पान पडलं होतं. ते आधी जागच्या जागी फिरलं, मग निघालं. भिंतीच्या कडेने, पायऱ्यांवरून, अर्ध्या तलावाला वळसा घालून ते पाणी ओढणाऱ्या जाळीपाशी आलं आणि आत गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा म्हणाले, "आळस गेला म्हनायचा." आणि लगेच माझ्याकडे बघून, "म्हंजे, माझा."

फरशीला तसे मासे पुन्हा मिळाले नाहीत. तिथे साधी लाल फरशी आहे.

सुट्टी लागली त्या सोमवारी सकाळी दार उघडायचं ठरलं. पांढरा शर्ट घालून चाचाच आले होते कुलूप काढायला. बायका एकेक करून त्यांच्यासमोरून आत गेल्या. म्हशींच्या गोष्टी करणाऱ्या सासूची सूनही होती, आणि सासू स्वतः टॉवेल घेऊन मागे. सगळ्यात शेवटी बुरख्यातल्या एक बाई, हातात पिशवी. चाचा बाजूला झाले, मग दचकून पुढे आले.

"तू? तू कुठं?"

"आत," चाची म्हणाल्या, आणि आत गेल्या.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी दार लावून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी चाचा भिंतीबाहेर पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसलेले असत. पंप बघायला येतो, असं सांगत. पंपाला बघण्यासारखं काही नव्हतं. तो बिचारा मुकाट्याने चालत होता. पुढे त्यांच्या मुलाने दोघांना नाशिकला नेलं, आता वर्षातून एकदा येतात. पण तो उन्हाळा ते त्या पायरीवरच होते.

चाचींना वेळ लागला. पाण्यात उतरायला आठवडा, तोंड बुडवायला दुसरा. पाय छान मारायच्या, श्वास बरोबर घ्यायच्या, पण काठाचा दांडा सोडायचा म्हटलं की बोटं पांढरी पडत. मी त्यांच्याशेजारी उभी राहायची आणि रोज सांगायची, "सोडा. मी आहे." त्या रोज म्हणायच्या, "उद्या."

मग एका सकाळी, मी दुसऱ्या एका बाईला काही दाखवत असताना, कुणी तरी ओरडलं, "चाची बघा!" मी वळले. दांडा रिकामा. चाची काठापासून दूर, हनुवटी वर, डोळे मोठे, हातपाय अगदी शिकवल्यासारखे चालवत मध्याकडे निघालेल्या. मी ओरडले, "हात लांब! लांब घ्या! थांबू नका!" सगळ्या बायका एकदम ओरडायला लागल्या. भिंतीपलीकडे चाचांना तो गलका ऐकू गेला.

"बाई! काय झालं? ओ बाई! कोन बुडालं?"

उत्तर द्यायला कुणाला वेळ होता? आम्ही सगळ्या काठाने त्यांच्याबरोबर चालत होतो.

"बाई! ती ठीक हाय ना? बोला की कुनीतरी!"

आणि तलावाच्या अगदी मधून, दम लागलेला असतानाही, चाचींचा आवाज आला. इतका मोठा आवाज त्यांना आहे हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

"चुप बैठो जी! मैं तैर रही हूँ!"

चाचींचा हात समोरच्या काठाला लागला. आम्ही त्यांना वर ओढून घेतलं, त्या रडत होत्या की हसत होत्या ते ओल्या चेहऱ्यावर कळत नव्हतं. आणि तेवढ्यात बाहेर रस्त्यावर चाचा कुणाला तरी थांबवत असल्याचं ऐकू आलं.

"ओ भाऊ, थांबा जरा. सायकल लावा बाजूला. आत आवाज ऐकला का आत्ता? आमची बायको पोहतीय."